खाडीच्या तळाचा गाळ

अर्नाळ्याच्या थांब्यावर सुकटीची टोपली घेऊन नंदाखालची आग्नेस विरारच्या गाडीची वाट बघत होती. शेजारी सासरी निघालेली म्हातारी बायजा आणि तिला पोचवायला आलेला थोरला भाऊ हरेश्वर बोलत होते.

“दादा, उद्याच्या सभेत खाडीचा गाळ काढा म्हनून सांग.”

“रंगाच्या कारखान्यानं सोडलेलं विष तळाशी बसलंय गो. कारखाना बंद झाला, आता निजलंय ते निजू दे. ढवळलं तर उरलीसुरली बोय मासळीपन मरंल.”

“त्या बोयला रॉकेलचा वास मारतो. आपल्या लहानपनी कसं पानी होतं! आई चुलीवर भात ठेवून कालवं काढायला जायची, नि भात शिजायच्या आत परत यायची.”

“आनि तू निवट्या मासे धरायला चिखलात लोळायचीस. आई तुला खाडीतच धुवायची.”

“आता तुझ्या नाती पाय तरी बुडवतात का?”

“पाय बुडवला की खाज सुटते. मीच जाऊ देत नाय.”

“मग?”

हरेश्वरनं तिचं गाठोडं या हातातून त्या हातात घेतलं.

“सांगीन उद्या. पन यंत्र लागंल त्या दिवशी तू ये, बाय.”

“मी येऊन काय करनार?”

“तो काळा चिखल वर येताना मला एकट्याला बघवनार नाय.”

गाडी आली. आग्नेसनं चढून बायजासाठी शेजारची जागा धरली. बायजानं मात्र भावाच्या हातातलं आपलं गाठोडं घेतलं.

“चल घरी. सभा झाली की जाईन.”