एकशेवीस-ऐंशीचं गाव

निरोप समारंभाच्या अध्यक्षा, प्राचार्या डॉ. मेहरुन्निसा मॅडम, व्यासपीठावरचे सन्माननीय पाहुणे, माझे सहकारी, आरोग्यविज्ञान पदवीचे विद्यार्थी आणि मागच्या रांगेत जेवणाच्या वासावर बसलेली मंडळी,

आत्तापर्यंत चार वक्ते माझ्याविषयी बोलले. ऐकून वाटलं, हा उदयसिंह सर कोण, एकदा भेटायला पाहिजे. शाल झाली, श्रीफळ झालं. आता उत्सवमूर्तीनं दोन शब्द बोलून खाली बसावं असा रिवाज आहे. मी जरा जास्त बोलणार आहे. रस्सा निवला तर दोष माझा.

आपल्याकडे दुसऱ्या वर्षाला घरोघर आरोग्य पाहणी असते. गारगोटीच्या अलीकडचं एक गाव आपण त्यासाठी धरलंय. सकाळच्या एसटीनं जायचं, प्रत्येक घरी रक्तदाब मोजायचा, तक्ता भरायचा आणि चारच्या गाडीनं परत. तक्त्याखाली सही माझी. पण त्या गावात एक अडचण आहे, ती म्हणजे चहा. उंबऱ्याशी गेलं की, "या पावणं, टेका! आधी च्या घ्या, मग काय ते लिवा." नाही म्हणायची सोय आहे का? आपल्याकडे चहा नाकारणं म्हणजे भांडण उकरून काढणं. एका घरी चहा, दुसऱ्या घरी शेंगा, तिसऱ्या घरी पुन्हा चहा. चार वाजतात आणि यंत्र पिशवीतच राहतं. मग तक्ते भरायचे कुठं? परतीच्या एसटीत. मी पुढच्या बाकावर असायचो. मागं काय चाललंय ते मला ठाऊक होतं.

त्यामुळं नऊ वर्षं त्या गावात झाडून सगळ्यांचा रक्तदाब एकशेवीस-ऐंशी. मला सांगा, कोल्हापूर जिल्ह्यातल्या अख्ख्या गावात नऊ वर्षं कुणाचंच डोकं तापत नाही, हे कुणाला पटेल? मी मात्र सह्या करत गेलो.

यंदा शेवटच्या वर्षाच्या क्रांतीनं प्रकल्पासाठी तेच गाव घेतलं. तिनं एकाही घरी चहा घेतला नाही. तिथं बायडाबाई आहेत, साठीच्या, दोन म्हशी सांभाळतात. त्यांचा दाब निघाला दोनशे-एकशेदहा. पोरीनं त्यांना त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात नेलं. मग जुने तक्ते काढले आणि अहवालात एक पान लिहिलं: हे आकडे न मोजता लिहिलेले आहेत आणि खाली मार्गदर्शकांची सही आहे.

मार्गदर्शक मीच. तिला बोलावून म्हटलं, "ते पान काढ, मग सही करतो."

"पान ऱ्हाणार, सर."

"मग सही मिळायची न्हाई."

माझ्या सहीशिवाय प्रकल्प जमा होत नाही. जमा झाला नाही तर तिचं वर्ष जातं. मुदत आज पाच वाजेपर्यंत. अकरा दिवस तो अहवाल माझ्या कपाटात होता. तत्त्वाचा वगैरे प्रश्न नव्हता. जाता जाता अब्रू जाईल म्हणून भ्यालो होतो.

रविवारी एकटाच यंत्र घेऊन गावात गेलो. बायडाबाई म्हणाल्या, "सर, तुमची पोरं दरसाल येत्यात, ग्वाड हाईत. पर दंडाला पट्टा त्या पोरीनंच पयल्यांदा बांधला की. च्याला न्हाय म्हटली, तवा म्हटलं, काय मिजास हिची! तीन वर्सं डोस्कं ठणकतंय माझं. इचारलं कुणी?"

 एकतीस वर्षं मी फळ्यावर आरोग्यव्यवस्थेची आकृती काढली. वर जिल्हा, मग तालुका, मग उपकेंद्र. त्या आकृतीत ही बाई कुठंच नव्हती. मला लाज वाटली, ती अजून वाटते.

आज सकाळी अहवालावर सही केली. सगळी पानं आत आहेत. त्या पानाखाली माझ्या हातानं लिहिलंय, "वरील मजकूर खरा आहे." मॅडम, आपल्याला हे भर सभेत कळतंय, याबद्दल दिलगीर आहे; चौकशी लावलीत तर मी हजर राहीन. क्रांती, दाराशी उभी राहू नकोस. पुढं ये, हा घे, आणि जेवायच्या आधी जमा कर.

आपण सर्वांनी इतकी वर्षं सांभाळून घेतलंत, त्याबद्दल मनापासून आभार. बोलण्यात काही अधिक-उणं झालं असेल तर ते पोटात घाला. तक्त्यांतलं मात्र घालू नका. क्रांतीनं मोजली ती सोडून त्या गावात दोनशे चौदा माणसं अजून मोजायची राहिली आहेत. सोमवारपासून मी जातोय.