रिकामी वाटी परत द्यायची नाही

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या सोसायटीचे चेअरमन माननीय विद्याधरजी सामंत, व्यासपीठावर, म्हणजे आपल्या पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर, विराजमान झालेल्या महिला मंडळाच्या वनमालाताई, आजच्या सत्कारमूर्ती सुंदराबाई शिरसाट, त्यांचे चिरंजीव रतन, आणि समोर सतरंजीवर बसलेल्या माझ्या चारकोपकर बंधू-भगिनींनो, आपणा सर्वांना सहदेव परबाचा नमस्कार आणि जयभीम.

अध्यक्षांनी मघाशीच बजावलंय, ‘परब, थोडक्यात आवरा.’ त्यांचं बरोबर आहे. पण ज्याला एके काळी बोलायला माणूस मिळत नव्हता, त्याच्या हातात माईक दिलात, तर चूक कोणाची?

रतनला विक्रोळीच्या कंपनीत नोकरी लागली, क्वार्टर मिळाली, आणि येत्या रविवारी बाई त्याच्यासोबत तिकडे राहायला जाणार. आनंदाचीच गोष्ट आहे. रतनने पेढा दिला, मी तो खाल्ला, आणि खरं सांगतो, तो गोड लागला नाही. का लागला नाही, ते सांगायलाच उभा आहे.

मी लालबागचा गिरणी कामगार. साच्यांच्या, म्हणजे मागांच्या, खडखडाटात उमर गेली. चाळीत कोणाचं दार कधी बंद नसायचं. मग माझी मंडळी, प्रेमा, गेली. संपात गिरणी सुटली. लेक सुलक्षणा लग्न होऊन बडोद्याला गेली. आणि सोडतीत लागलेल्या या चारकोपच्या खोलीत मी एकटा येऊन पडलो. सगळं नवीन, झकास, आणि सगळ्यांची दारं बंद! हातात घड्याळ असून मी वाण्याला ‘किती वाजले?’ विचारायचो. तेवढेच दोन शब्द कानावर पडायचे. जेवण म्हणाल तर ओट्यापाशी उभ्या उभ्या, पातेल्यातूनच. एकट्यासाठी ताट कोण घेतो?

अशात बुद्धपौर्णिमेला दार वाजलं. शेजारी नव्याने आलेल्या याच सुंदराबाई वाटी घेऊन उभ्या. ‘खीर हाय भाऊ, गरम हाय तवर खावा.’

खीर संपली आणि संकट सुरू झालं. प्रेमा म्हणायची, ‘शेजाऱ्याचा भांडा रिकामा परत देव नये.’ ती गेली तरी तिचा कायदा होताच! घरात होतं काय? डबे उघडले, साखर सापडली. वाटीभर साखर नेऊन दिली.

बाईंचा चेहरा पडला. ‘का वो भाऊ, खीर अगोड झाली व्हती का?’

आता काय सांगणार? ‘नाही, नाही’ म्हणत घरात पळालो. दुसऱ्या दिवशी तीच वाटी शेंगदाण्याची चटणी घेऊन हजर. ‘ही तरी बरी लागती का बघा.’ म्हणजे वाटी पुन्हा माझ्याकडे! पुन्हा साखर द्यायची सोय नव्हती. म्हणून आयुष्यात पहिल्यांदा कुळथाची पिठी करायला घेतली. वनमालाताई, हसू नका. बाईंनी वाटीत चमचा उभा करून पाहिला, तो उभाच राहिला. म्हणाल्या, ‘भाऊ, हे खायचं का भिताडाला लावायचं?’

मी हसलो. मोठ्याने हसलो. चारकोपला आल्यापासून माझं हसणं मी तेव्हा प्रथम ऐकलं.

मग सुरूच झालं. पिठी सुधारली, सोलकढी जमली. आणि मंडळी, एका वाटीपुरतं काही रांधता येत नाही. उरलेलं मी ताटात वाढून घ्यायला लागलो. पाट मांडून, पाण्याचा तांब्या ठेवून. दुसऱ्याला द्यायला शिकलो, तेव्हा कुठे स्वतःला वाढायला शिकलो.

पण एक कोडं होतं. वाटी बाईंचीच. ती भरून परत दिली की माझं बंधन संपलं. त्यांना ती पुन्हा पाठवायचं बंधन कुठे होतं? एकदा विचारलंच. बाई पदर सावरत म्हणाल्या, ‘रतन सकाळी जातो तो रातच्याला येतो. माझंबी दार कुणी वाजवाया नको का?’

इतके दिवस मला वाटत होतं, एकटा मीच आहे! भिंतीच्या दोन्ही बाजूंना दोन माणसं दार वाजायची वाट बघत होती.

परवा सामान बांधताना रतन आला. ‘काका, आईची वाटी तुमच्याकडे राहिलीये.’ मी म्हटलं, मिळणार नाही. आजही देणार नाही. बाई, तुमची वाटी माझ्याकडेच राहील. येत्या बुद्धपौर्णिमेला ती भरून मी स्वतः विक्रोळीला घेऊन येईन. चमचा आडवा पडेल, याची हमी देतो.

आणि सोसायटीचं शाल-श्रीफळ झालं, आता हे माझ्याकडून. ही दुसरी वाटी आहे. हिच्यावर नाव कोरलंय, ‘सौ. प्रेमा स. परब’. ही वाटी मी आजवर कधी घराबाहेर दिली नव्हती. आत साखर आहे. टेम्पोत सांडायची नाही, आणि खीर अगोड झालीच तर उपयोगी पडेल.

अध्यक्ष महाराज घड्याळ बघतायत. त्यांनी बोलू दिलं, तुम्ही ऐकून घेतलंत, आपला मनापासून आभारी आहे. बोलण्याच्या ओघात काही सांडलं-लवंडलं असेल, मीठ कमी-जास्त झालं असेल, तर पोटात घाला.

आणि सुंदराबाई, प्रेमाचा कायदा आता तुम्हालाही लागू झाला. ही वाटी परत आणून द्यायची. रिकामी चालणार नाही.