बोटाला लागता कामा नये

गाडी धुऊन होईपर्यंत मास्तरीणबाई मासिक उघडून बाकावर बसल्या होत्या. शेजारी दुकानाची मालकीण दुसऱ्या एका गाडीच्या टायरपाशी उकिडवी बसली होती, आणि खुर्चीत तिचे वडील.

"फेस कसा येतोय?"

"आता पांढराशुभ्र, बाबा. मघाशी तपकिरी होता."

"मग आधी कोरडं कर. ओल्यावर लावलंस तर सगळं मुसळ केरात. पॉलिश कोणतं काढलंस?"

"सॅटिनचं. मंद तुकतुकी येते ते. गिऱ्हाईक म्हणत होतं, आरशासारखं चमकवा."

"मग?"

"म्हटलं, टायर आहे हो काका, तेल चोपडलेलं डोकं नाही!"

"शाब्बास!" टायर कोरडा करून पॉलिश लावून होईपर्यंत बाबा थांबले. "थेट टायरवर नाही ना फवारलंस?"

"छे, स्पंजवर घेतलं. फक्त बाजूला लावलं, रस्त्याला टेकतो तो भाग कोरडा ठेवलाय. जास्तीचं फडक्यानं टिपलं. तपासा आता."

"हात धर माझा. कुठंय?"

"हे काय, इथे."

"हं... या अक्षरांच्या खाचेत राहिलंय बघ."

"अगंबाई! मला दिसलंच नाही."

"मला तरी कुठं दिसतंय? बोटाला लागलं."

"पुसलं. आता?"

"आता बोट कोरडं. माझ्या हातचंच वाटतंय."

"मग चांगलं म्हणा की एकदा!"

"थांब. ओ बाई! मघापासून तुमचं एकही पान उलटलेलं ऐकू आलं नाही. या इकडे, आणि नीट बघून सांगा मला, माझ्या लेकीचं काम दिसतं कसं?"