दोन तारखा

नाई नाई, बसा ना अंजनाबाई, तुमच्या पोरीले आत नेलं तर आता घंटाभर कोणी बोलावत नाई — मले एकटं बसवत नाई इथी. माही सून ना? शाजिया. मोकळी झाली ती सकाळीच. पोरगं — पोरगं म्हणू का काय म्हणू, तेच समजून नाई राह्यलं मले. डोक्याची कवटीच बनली नव्हती त्याची. डाक्टरीण म्हणे, जन्मलं तरी जगणार नाई, आताच मोकळी करा. पण शाजिया अडून बसली — अम्मी, मौलानाले इचारल्याशिवाय सही नाई करत. तर मीच गेली भद्रावतीले मौलानाकडं. ते म्हणे, चार महिने, एकशे वीस दिवस भरले का रूह येते — तुमी जीव म्हणता ना, तो. त्याच्या आधी हरकत नाई. दिवस किती झाले? म्या म्हणलं, माहा पोरगा रईस इदीले घरी आला होता, तिथून एकशे बारा.

खोटं नाई बाई, आला होता. हैदराबादले राह्यते तो, कामावर. पण — त्याच्या दोन हप्ते आधी दोस्ताच्या लग्नालेही आला होता, एकच दिवस. तिथून धरलं तर एकशे सव्वीस. ते नाई सांगतलं म्या. काऊन? भ्याली मी. पहिल्या खेपेले बीपीनं मरता मरता वाचली ती, म्या पाह्यलं — मौलाना नाई म्हणले असते तर तिनं ते नऊ महिने वाहिलं असतं. बीपीचं सांगतलं असतं तर हो म्हणलेही असते कदाचित, पण त्या वक्ताले सुचलंच नाई. घरी आली तर शाजियानं इचारलं, अम्मी, दोन्ही तारखा सांगतल्या ना? हो म्हणलं म्या. तवा सही केली तिनं.

मंग आता सिस्टर आली — घेऊन जाता, का आमीच पाहू? जीव नव्हता म्हणावं तर देऊन टाकावं, होता म्हणावं तर आंघोळ, कफन, नाव. दाखवलं तिनं मले. वीतभर. बोटं होती बाई, दहाच्या दहा. तुमच्यात केव्हा येते जीव? कोणी सांगतलं कधी? नेतो म्हणलं म्या. पण पुरायले मौलानाकडंच जा लागते, आन् ते पह्यले तेच इचारतील — दिवस किती.

आली बेटा, आली — जागी झाली ती. तुमी जा, अंजनाबाई. पलीकडच्या बाकड्यावर बसा. आन् शाजिया बाहेर आली, तर माह्याशी बोलू नका.