माशाचा जादा पर

हॅलो?… हॅलो? कोण, शालू? बोल गं… थांब, हात ओला आहे, फोन स्पीकरवर टाकते… हां. कशी आहेस? पिशोरला पाऊसपाणी?… अगं, ओरडू नको, मला कमी येतं ऐकायला, बहिरी नाय झाले अजून.

काय करतेय म्हणजे? मासा धुतेय… शनिवारी कसला खाते! दगडातला गं. तुझ्या दाजींचा.

व्हय, तोच. सिरोंच्याहून आणलेला. आपल्या काळ्या दगडात कुठला मासा सापडायला!… चारला श्रेया येणार आहे न्यायला. अगं, दाजी शिकवायचे त्याच कॉलेजात आता ती शिकवते. तिथल्या संग्रहालयात ठेवणार. काचेत. खाली पाटी, पाटीवर दाजींचं नाव… हो, हो… अगं ऐक ना. आनंद कसला? माझी पाचावर धारण बसलीय इथं.

पापडाचा दिवस आठवतो का तुला?… त्र्याऐंशी सालचा. तू आली होतीस उन्हाळ्यात. गच्चीवर साडी अंथरली, पापड घातले, आणि सुटला वारा. तू म्हणालीस, आक्का, वजन आण… बरं बाई, तू नाही म्हणालीस, मीच म्हणाले! पण धोंडा आणायला खाली गेले आणि गावातले सगळे धोंडे सोडून कपाटातला हा उचलून आणला. एम. ए. झालेली बाई!

मग कठड्यावरनं पडला. दोन तुकडे… हां, आता कसं आठवलं! आणि चिकटवायची अक्कल कुणाची?… तुझीच. 'आक्का, पापडाच्या पिठासारखा डिंक नाय.' वर बंबातली राख चोळलीस, दगडाचा रंग यावा म्हणून. पण फटीवर तो फुगवटा राहिला तो राहिलाच.

हसतेस काय? त्या फुगवट्यालाच तुझे दाजी 'जादा पर' म्हणायचे. माशाला पोहायला पर असतात ना, त्याहून एक जास्त. पाहुणे आले की कपाट उघडायचे. 'असा मासा जगात कुठं नाही… विचारा हिला.' आणि मी चहाचा ट्रे धरून मान डोलवायची. नंदीबैल! एवढ्या शिकलेल्या माणसाला फसवलं म्हणून भीती, आणि खरं सांगू? थोडी ऐटसुद्धा.

नाही सांगितलं… आज सांगू, उद्या सांगू. मग तेच गेले.

आता ऐक. श्रेयानं फोटो बघितला, आणि पाटी करून आणतेय, 'असामान्य जादा पर'. त्याच्यावरची बारीक भोकंसुद्धा तिला लई आवडली. अगं, किडीची भोकं ती! उडदाला लागलेली!… नुसतं एवढंच म्हणाली, काकू, सरांनी वहीत या माशाचे खवलेसुद्धा मोजलेत, मग पराबद्दल एक ओळ कशी नाही? म्हटलं, विसरले असतील… काय बोलणार होते मी? पण उद्या एखादा शहाणा भिंग घेऊन आला, तर हसणार कुणाला? पाटीवर नाव तुझं-माझं नाय. त्यांचं आहे.

धुवायला तिनंच सांगितलं गं. धूळ तेवढी काढून ठेवा म्हणाली. लिंबू, चिंच काही लावायचं नाही, चुन्याचा दगड, फसफसतो. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते पाणी दोन थेंब, आणि मऊ ब्रश. औरंगपुऱ्यातून चित्रकलेचा आणवला. आणि पाण्यानं जे नरम पडंल ते माशाचं नाही, म्हणे… मग काय! पर नरम पडला. वास सुटला. हिंगाचा!… शपथ. सुईनं टोकरलं तर मिरी निघाली. अर्धी, भरड कुटलेली. तुझं कुटणं, ते का लपतंय?

'परत चिकटव'? कशानं? उडदानं?… नाही. नाही म्हणते ना, शालू. सत्तरी ओलांडली आपण, आणि अजून राख चोळायच्या गोष्टी करतेस!

थांब… थांब जरा. भिंग घेऊ दे… खाली काहीतरी चमकतंय… खवले नाहीत. खवले चौकोनी असतात. हे पिवळं आहे, काचेसारखं… पाण्यानं नरम पडत नाही. सुईसुद्धा लागत नाही त्याला.

शालू… हा दाजींचा डिंक आहे. दोन नळ्या मिसळून करायचे ना, तो… हो, दगड जोडायचा. पार फटीत भरलाय. आणि… अगं, गप ऐक ना! पापडाच्या पिठाच्या बुडालाही तोच आहे. आपलं पीठ दगडाला धरून नव्हतंच. म्हणजे त्यांनी ते अलगद सोडवलं, मासा नीट जोडला, आणि तो फुगवटा होता तिथंच परत चिकटवून ठेवला.

…

आहे, आहे मी… रडत नाही. जुना हिंग आहे, डोळ्यात गेला.

आणि मी चाळीस वर्षं म्हणतेय, काय चिकट उडीद होते आपल्या पिशोरचे!… विसरले कसले! वहीत खोटं लिहायचं नव्हतं त्यांना. आणि 'विचारा हिला' म्हणायचे ना दर वेळी… पाहुण्यांना नाही गं. मलाच विचारत होते. आणि मी आपली मान डोलवतेय.

बेल वाजली… तीच असणार… खरं सांगणार, दुसरं काय? पाटी बदल, बाई, मासा साधा आहे, चांगला आहे, एका ठिकाणी फुटलाय तेवढाच… लाज वाटते तर! म्हणून तर पापड काढलेत भाजायला. चहाबरोबर एक हातात देते आणि म्हणते, हा घे जादा पर. मग विषय आपोआप निघंल… मिरी? मिरी मी नाही देणार तिला. ती कुंकवाच्या डबीत ठेवली.

आले गं, श्रेया, आले!… काय? तुझं नाव? घेणार की! राख कुणी चोळली होती?… शालू?… हॅलो?… हॅलो?

ठेवला बयेनं.