बेवारस मशीन

आमच्या साहेबांचं सांगतो. एका सकाळी मला म्हणाले, "क्लाउडवर आपली भाड्याची किती मशिनं चालू आहेत, कोणालाच माहीत नाही. तू शोधून काढ."

त्यासाठी एक तयार लायब्ररी, म्हणजे आयता लिहिलेला कोड, मिळते. चार ओळींचा कोड लिहिला की कंपनीच्या नावावर क्लाउडवर जे जे चालू आहे ते सगळं ती दाखवते. मी चालवली, तर उत्तर आलं, परवानगी नाही. परवानगी देणारा आमचा सचिन चांदवडला बहिणीच्या हळदीला गेलेला. फोन केला तर म्हणतो, "थांब जरा. बोटाला हळद लागलीय, मोबाईल ठसाच घेत नाही."

हात धुऊन त्याने परवानगी दिली आणि सगळी मशिनं मोठ्या स्क्रीनवर आली. त्यातल्या एकाला कोणी वालीच नव्हता.

साहेब तापले. "कंपनीच्या जिवावर कोण मजा मारतोय? बंद कर. ज्याचं असेल तो येईल बोंबलत."

मी बंद केलं. चहा यायच्या आत साहेबांचा फोन वाजला आणि गडबडीत स्पीकरवरच लागला. पलीकडे त्यांच्या मिसेस होत्या. "अहो, आमच्या दादाच्या लॉन्सची वेबसाइट बंद पडलीय, तीही ऐन लग्नसराईत. तुम्हीच ऑफिसातून चालू करून दिली होती ना?"

आम्ही सगळे छताकडे बघत बसलो. साहेबांनी फोन ठेवला, घसा साफ केला आणि मला म्हणाले, "जुना क्लायंट आहे. चालू कर."