पहाटेचा चोक

बाळाच्या लशीसाठी दवाखान्यात थांबले होते. शेजारच्या बाकावर दिवस भरत आलेली एक सून आणि तिची सासू बसल्या होत्या. सूनच काळजीत होती.

"आई, हे बाहेरगावी असताना पहाटेच कळा सुरू झाल्या तर? थंडीत आपली जुनी गाडी कुठे लवकर चालू होते?"

"होते. मी करते."

"तुम्ही? मला वाटायचं, रोज पहाटे बाबाच खटपट करतात."

"ते घोरत असतात. चालवायचं मला जमलं होतं, थंड इंजिन चालू करायचं तेवढं राहिलं होतं."

"परवा नुसतीच कुरकुरत होती."

"चूक माझीच. थंड इंजिनला जादा पेट्रोल देणारा चोक पूर्ण ओढला होता, तरी घाबरून अ‍ॅक्सिलरेटर दाबत राहिले. पेट्रोल जास्त झालं, वास सुटला."

"मग?"

"चोक आत ढकलला, अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरला आणि किल्ली फिरवली. खोकली, धूर ओकला, पण चालू झाली."

"शिकवलं कुणी?"

"तुझ्या सासऱ्यांनी. जन्मभर गाडीला हात लावू दिला नाही, आता डोळ्यांनी दगा दिल्यावर गुरू झालेत."

मी बाळाला दुसऱ्या खांद्यावर घेतलं, म्हणजे नीट ऐकू येईल.

"आणि आज?"

"आज पाय आवरला. पहिल्याच किल्लीला चालू झाली. मग चोक अर्धाच आत घेतला. घाईने पूर्ण ढकलला की रुसते ती."

"पण मग बराच वेळ चालूच होती की."

"मी मागच्या सीटवर आडवी झाले होते."

"कशाला?"

"तुला उशी कुठल्या बाजूला बरी पडेल, ते बघत होते."